घोड्याऐवजी सायकल, आगगाडीऐवजी बस

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांची काय कमी? कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून उभं आहे. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, पॅटन, सेंच्युरियन, सगळे ओळीने. पण शॉर्टफिल्मसाठी "दोन तास पॅटन द्या ना" असं कुणाला विचारणार? मग गाडी मिळत नसेल तर काय करायचं? याचं भन्नाट उत्तर नगर-मनमाड रस्त्याने पुढे गेलं की मिळतं. मालेगावात.

१९७५ च्या 'शोले'तला आगगाडीवरचा हल्ला पनवेलजवळ शूट झाला. त्या एका प्रसंगाला सात आठवड्यांहून जास्त लागले. २००० साली व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' केला, तेव्हा आगगाडी कुठून आणणार? बस घेतली. घोडे? सायकली! डाकू पायडल मारत हल्ला करायला येतात. नसलेली गाडी लपवायची नाही, तिच्यावरच हशा पिकवायचा. मला तर ही कुठल्याही इफेक्टपेक्षा भारी युक्ती वाटते. कॅमेऱ्यामागेही तेच. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी.

पण सुपरमॅनला सायकलवर बसवून कसं चालेल? त्याला उडवायलाच हवं. म्हणून 'मालेगाव का सुपरमॅन'साठी नासिर क्रोमाकडे वळले. हिरव्या कापडासमोर शूट करायचं, कॉम्प्युटरवर तो हिरवा रंग पुसायचा आणि मागे दुसरं दृश्य टाकायचं. १९७८ च्या हॉलिवूडच्या 'सुपरमॅन'ला निळा पडदा वापरताना पंचाईत झाली होती. पोशाखही निळाच! पडद्याबरोबर तोही गायब होणार, म्हणून उडण्याच्या शॉटसाठी पोशाखाचा निळा थोडा हिरवट करावा लागला. मालेगावात कापड हिरवं, त्यामुळे ती भानगड नव्हती.

तिथे उडला तो शफिक शेख. यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा पोरगा. २०११ मध्ये तो कर्करोगाने गेला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात शूटिंग करताना तो आजही दिसतो.

आता आपला रणगाडा. ब्लेंडर फुकट आहे, थ्रीडी मॉडेल बनवता येतं. मोबाईल स्टँडवर घट्ट ठेवून रिकाम्या शेताचा शॉट घ्या, ऊन कुठून येतंय ते लिहून ठेवा. फसगत मॉडेलमध्ये होत नाही, जमिनीवर होते. सावली उलट पडली की संपलं. रणगाडा नुसता सरकतो आणि ढेकूळही फुटत नाही, मग कोण विश्वास ठेवणार? म्हणून खरी धूळ वेगळी शूट करून वरून चढवा. आणि खरं सांगू? बांधाआडून धुरळा, इंजिनाचा घरघराट आणि पळणारी शेळी एवढं जमलं, तर रणगाडा दोन सेकंद दाखवला तरी पुरतो.