परिपूर्ण ईश्वराची कल्पना आणि मुंबईतील धर्मविचार

ईश्वर सर्वांगांनी परिपूर्ण आहे, हे ख्रिस्ती धर्मशास्त्राचे मूलभूत गृहीतक होय. इ.स. १८२९ नंतर हे गृहीतक मुंबईच्या वैचारिक जीवनात कसे उतरले आणि गिरगावपासून परळपर्यंत त्याला कोणकोणती उत्तरे मिळाली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात आम्ही घेणार आहोत. हा परधर्माचा विषय म्हणून तो बाजूला सारणे योग्य नव्हे. ज्या समाजाने १९५६ साली ईश्वराच्या कल्पनेचा विचारपूर्वक त्याग केला, त्याने आपण नेमके काय सोडले हेही समजून घेतले पाहिजे.

प्रथम ही कल्पना तिच्या मूळ रूपात पाहू. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात अन्सेल्म या धर्मपंडिताने ईश्वराची व्याख्या अशी केली की, ज्याहून श्रेष्ठ अशा कशाचीही कल्पना करता येत नाही तो ईश्वर. आणि अस्तित्व नसलेली वस्तू अस्तित्व असलेल्या वस्तूपेक्षा उणी ठरते, म्हणून तो असलाच पाहिजे. गौनिलो नावाच्या त्याच्याच काळातील एका साधूने यावर आक्षेप घेतला. या न्यायाने सर्वोत्कृष्ट अशा एखाद्या काल्पनिक बेटाचे अस्तित्वही सिद्ध करता येईल, असे त्याचे म्हणणे होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने परिपूर्णतेचे अधिक व्यवस्थित विवेचन केले. सृष्टीतील सर्व गुण ईश्वराच्या ठायी अधिक श्रेष्ठ रूपात असतात व त्याच्यात कसलीही उणीव नसते, असा त्याचा सिद्धान्त होता. पुढे १६४७ साली तयार झालेली वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरी स्कॉटलंडच्या चर्चने स्वीकारली. तिच्यात ईश्वर हा अनंत, शाश्वत व अविकारी असून ज्ञान, सामर्थ्य, पावित्र्य, न्याय आणि चांगुलपणा या गुणांतही तसाच आहे, असे शिकविले आहे.

याच स्कॉटिश परंपरेत वाढलेले डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. १८३२ साली त्यांनी गिरगावात अंब्रोळी येथे शाळा काढली. आज चौपाटीसमोर उभे असलेले विल्सन महाविद्यालय हे त्या शाळेचेच विस्तारित रूप होय. विल्सन यांनी येथील शास्त्री-पंडितांशी जाहीर वाद केले. त्यांतील मोरभट दांडेकर यांच्याशी झालेला १८३१ सालचा वाद विशेष गाजला. दांडेकरांनी आपली बाजू ग्रंथरूपाने मांडली आणि विल्सन यांनी १८३२ साली त्यास ग्रंथानेच उत्तर दिले.

विल्सन यांच्या खंडनामागील कसोटी हीच परिपूर्णतेची होती. जो ईश्वर आहे तो पवित्र व न्यायी असलाच पाहिजे. मग पुराणांतील देवांच्या कपटाच्या, कामाच्या आणि क्रोधाच्या कथांची वाट काय? यावर परंपरेचे ठरावीक उत्तर असे की, समर्थाला दोष नाही. माणसाचे नीतिनियम देवाला लागू होत नाहीत. हे उत्तर किती घातक आहे, हे वाचकांना सांगावयास नको. ज्या समाजव्यवस्थेत देवाला नीती लागू नाही, तेथे देवाच्या नावाने राज्य करणाऱ्या भूदेवांनाही ती लागू होत नाही. नीतीच्या कसोटीवर देवालाही तपासता येते, हा विचार या वादामुळे मराठीत रुजण्यास मोठे साहाय्य झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी पुढे पुराणकथांची जी निर्भीड चिकित्सा केली, तिच्याकडेही या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. मात्र जोतीरावांनी चर्चचा ईश्वर जसाच्या तसा घेतला नाही. सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्क देणारा व मध्यस्थाची गरज नसलेला 'निर्मीक' त्यांनी मांडला.

परंतु ही कसोटी दुधारी होती. पंडितांनी तीच उलटून ख्रिस्ती मतास लावली. मराठी ब्राह्मण कुळातील नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी काशीत असताना, १८४४-४५ च्या सुमारास, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. ईश्वर सर्वशक्तिमान व दयाळू असेल, तर अजाण बालके व मुकी जनावरे यांच्या वाट्याला दुःख का येते, असा त्यांचा प्रश्न होता. पूर्वजन्मीचे कर्म मानल्याखेरीज ईश्वर निर्दोष ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. विशेष म्हणजे याच गोऱ्ह्यांनी १८४८ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी जे वाद केले, त्यांतही ख्रिस्ती ईश्वराची उलटतपासणी झाली. त्या वादांचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने प्रसिद्ध केला.

या वादांतील एक गोष्ट आजवर पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही, असे आम्हांस वाटते. ईश्वराचे पूर्णत्व राखण्यासाठी दोन्ही पक्षांना दुःखाचा दोष माणसावरच ढकलावा लागला. ख्रिस्ती पक्षाने आदिमानवाच्या पापाकडे बोट दाखविले, तर शास्त्री पक्षाने पूर्वजन्मीच्या कर्माकडे. दुसऱ्या उत्तराची झळ कोणाला लागली? गावकुसाबाहेर जन्मलेल्याला. त्याची अस्पृश्यता हे त्याच्याच पापाचे फळ ठरले आणि ईश्वर व समाज दोघेही निर्दोष सुटले. वाद ईश्वराच्या गुणांचा होता, पण त्याची किंमत वादात ज्याला स्थानच नव्हते अशा माणसाने मोजली.

मधला मार्ग प्रार्थना समाजाने काढला. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या व गिरगावात मंदिर असलेल्या या समाजाने एक, निराकार, परिपूर्ण ईश्वर स्वीकारला. अवतार व मूर्तिपूजा नाकारली. याच समाजाचे प्रचारक महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन करून परळ येथे अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. ईश्वर सर्वांचा पिता असेल तर माणसे भावंडे ठरतात, हा निष्कर्ष कृतीत आणण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. तथापि ही समता ईश्वराच्या पितृत्वावर उभी होती. पितृत्वाविषयी शंका आली की तिचा आधारही डळमळणार होता.

इतिहासाचा योग असा की, विल्सन यांच्या नावाच्या हायस्कुलात शिक्षक असलेल्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. परळच्या चाळीत राहणाऱ्या त्या विद्यार्थ्याने पुढे अर्धशतकाच्या चिंतनानंतर या संपूर्ण वादालाच वेगळे वळण दिले.

तथागतांची भूमिका अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात स्पष्ट आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सर्व ईश्वरनिर्मित आहे असे मानले, तर हिंसा व चोरीही ईश्वरनिर्मितच ठरतील आणि काय करावे, काय करू नये यासाठी प्रयत्नाला जागाच उरणार नाही. पूर्वकर्मानेच सर्व घडते या मतावरही तेथे हाच आक्षेप आहे. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही पक्षांची उत्तरे तथागतांनी एकाच युक्तिवादाने बाजूला सारली होती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नाही असे दाखविले. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकतो, म्हणून त्यांनी तोही नाकारला.

मग परिपूर्णतेचे काय झाले? ती नाहीशी झाली नाही, तिचे स्थान बदलले. दान, शील, नैष्क्रम्य, प्रज्ञा, वीर्य, क्षांती, सत्य, अधिष्ठान, मैत्री व उपेक्षा या दहा पारमिता म्हणजे पूर्णत्वाकडे नेणारे सद्गुणच होत, आणि त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत समाविष्ट आहे. ख्रिस्ती शिकवणीतही पित्याप्रमाणे परिपूर्ण व्हा असा आदेश आहे. त्यातील नैतिक उंची आम्ही आदराने मान्य करतो. भेद इतकाच की, तेथे पूर्णत्व आधीच एका सत्तेत सिद्ध आहे व माणसाने तिचे अनुकरण करावयाचे आहे. येथे ते माणसाने आपल्या प्रयत्नाने घडवावयाचे आहे. तथागतांनी स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे.

म्हणूनच हा इतिहास आमच्यापुढेही एक प्रश्न ठेवतो. विहारातील मूर्तीपुढे नवस बोलला जातो, परीक्षेतील यश मागितले जाते, तेव्हा आम्ही नकळत बुद्धालाच तो परिपूर्ण, दाता ईश्वर बनवीत असतो. असे झाले तर गिरगावच्या पंडितांना व मिशनऱ्यांना जो पेच सुटला नाही, तो आमच्याही गळ्यात पडेल; कारण दात्याने दिले नाही की दोष मागणाऱ्याच्या माथी येतो. जे दोषारोपण आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, ते आमच्याच हातांनी पुन्हा उभे करणे आम्हांस परवडणारे नाही. विहारात वंदना म्हणावी ती पारमितांचे स्मरण म्हणून, आणि बाहेर पडताना त्यांपैकी एक तरी आचरणात आणण्याचा निश्चय करावा. पूर्णत्व मागून मिळत नाही, हीच या दीर्घ वादाची आमच्यापुरती फलश्रुती आहे.