दार आणि वाट

रसदीचा इतिहास हा दारांचाही इतिहास असतो. भारतीय हवाई दलात १९५४ पासून आलेल्या सी-११९ 'पॅकेट' विमानाची मागची दुपाखी दारे उड्डाणात उघडत नसत. जड रसद टाकायची तर ती जमिनीवरच काढून ठेवावी लागत. पुढे अमेरिकेत सी-११९जे या रूपात हवेतच उघडणारे दार आले नि ती अडचण सरली.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा सज्ज हेलिकॉप्टरेही खराब हवामानामुळे उडू शकली नाहीत. माणसे कुदळ-फावडी घेऊन चिखलातून डोंगर चढली. २७ मृतदेह हाती आले. ५७ जण सापडलेच नाहीत.

आकाशातले दार माणसाने उघडले. ठाकरांच्या वाडीपर्यंतचा रस्ता मात्र राहूनच गेला.