खुणेच्या वर चढलेलं पाणी



नदीला पूर आला की आपण घाटावर जाऊन कृष्णामाईची ओटी भरतो. नृसिंहवाडीला पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि बायाबापड्या स्नानाला गर्दी करतात. पुराचं पाणी आपल्याला नवं नाही. मग २०१९ साली आपली एवढी दैना का झाली?

त्याचं एक कारण २००५ च्या पुरात आहे. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. तिथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर गेलं की धोका. २००५ साली ते ५३ फुटांच्या पुढे गेलं. कुणी घराच्या भिंतीवर त्याची खूण केली, कुणी मनात धरून ठेवली. यापेक्षा मोठा पूर तो कसला येणार, असं सगळ्यांना वाटलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता. धरणं भरली, त्यांचं पाणी सोडावं लागलं. गावात मात्र बोलणं एकच, "तेव्हा उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं, आता कशाला लागतंय?" जनावरं सोडून जायचं कसं, हा घोरही होताच. पाणी ५७ फुटांवर गेलं. तोवर रस्ते बुडाले होते, उरली फक्त बोट. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. त्यात बायका-मुलांसह अनेकांचे जीव गेले.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेलं. पण या वेळी ठेच लागलेल्या बऱ्याच कुटुंबांनी जनावरांसह आधीच घर सोडलं.

मैत्रिणींनो, जुनी खूण पाणी कुठवर आलं होतं ते सांगते. कुठवर येईल, ते सांगत नाही. आणि घराच्या आधी रस्ता बुडतो. म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत जाणत्या माणसांना विचारा, पुलावर किती फूट झाले की आपल्या गावाचा रस्ता बंद होतो? तो आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. पाणी त्याच्या दोन-तीन फूट खाली असतानाच निघायचं, हे आजच ठरवा. त्याआधीच प्रशासनानं निघायला सांगितलं, तर तेव्हाच निघा. बाळंतीण, गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि जनावरं आधी हलवा. रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक, गटाची वही आणि रोजची औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. निघताना विजेचं मेन स्विच बंद करा. अडकलात तर १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा. बोट आलीच, तर गच्च भरलेल्या बोटीत चढू नका, दुसऱ्या फेरीची वाट बघा.

कृष्णामाईची ओटी जरूर भरू. पण आपली माणसं वर, सुरक्षित जागी पोचल्यावर.