खाणीतली झडप समुद्रात कशी पोहोचली?

परभणीहून गोव्याला जाणारी तरुण मंडळी हल्ली ग्रांदे बेटाजवळ पाठीवर टाकी बांधून बुडालेलं जहाज पाहून येतात. टाकीचं सगळ्यांना कौतुक. खरी करामत असते रेग्युलेटरची, म्हणजे श्वासापुरतीच हवा सोडणाऱ्या झडपेची. तिचा जन्म समुद्रापासून दूर, कोळशाच्या खाणीत झाला.

फ्रान्समधल्या देकाझव्हिलच्या खाणीत काम करणाऱ्या बेन्वा रुकेरोल या इंजिनिअरने 1860 मध्ये तिचं पेटंट घेतलं. 1864 मध्ये नौदलाच्या ऑग्यूस्त दनेरूझने ती पाणबुड्यांना दिली. पुढे ती मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सला पेट्रोल मिळेना, मोटारी गॅसवर चालू लागल्या. त्यांच्यासाठी एमिल गान्यान या इंजिनिअरने हीच जुनी झडप लहान करून घेतली. डिसेंबर 1942 मध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो त्याला भेटला आणि मोटारीची झडप पुन्हा पाण्यात उतरली.

तिच्यात एक लवचिक पडदा असतो. श्वास ओढला की पडदा आत वाकतो, तरफ दबते, हवा येते. पडद्याच्या बाहेरच्या अंगाला पाणी भिडलेलं असल्यामुळे दहा मीटरवर आपोआप दुप्पट दाबाची हवा मिळते. जानेवारी 1943 मध्ये मार्न नदीतली पहिली चाचणी मात्र फसली: कुस्तो आडवा असताना सगळं ठीक, उभा राहिला की हवा भसाभसा वाया जाई. उच्छ्वासाचं तोंड पडद्यापेक्षा वर येत होतं. ते पडद्याशेजारी आणलं आणि प्रश्न सुटला.

श्रेयावर दुसरा हक्क झॉर्झ कोमेन याचा. त्याचं उपकरण आधीच तयार होतं. जुलै 1943 मध्ये तो 53 मीटर खोल गेला. 1944 मध्ये तो युद्धात मारला गेला. माझ्या मते अग्रमान त्याला द्यावा, प्रसाराचं श्रेय कुस्तो-गान्यानला.

पण बुडालेली जहाजं पाहायचा नाद कुठून आला? माझा तर्क असा: तो जहाजं बुडवणाऱ्यांनीच लावला. 27 नोव्हेंबर 1942 रोजी तुलाँ बंदरात फ्रेंच आरमाराने जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून आपलीच जहाजं बुडवली. कुस्तोसारखे अधिकारी रिकामे झाले. नव्या उपकरणाने त्याने 1943 मध्ये केलेला चित्रपट बुडालेल्या जहाजांवरचाच होता. कोणी म्हणेल, त्याला पाण्याचं वेड आधीपासूनच होतं. खरं आहे, पण वेडाला सवड युद्धाने दिली.

मार्नमधली चाचणी आणि हा चित्रपट यांच्यामधल्या काळात, 9 मार्च 1943 च्या रात्री, गोव्याच्या मुरगाव बंदरातही आपलीच जहाजं बुडवण्याचा प्रकार घडला. कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या हौशी घोडदळाची माणसं 'एहरनफेल्स' या जर्मन जहाजावर चढली. त्याच्यासह 'ब्राउनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' ही जर्मन आणि 'आन्फोरा' हे इटालियन अशी जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली.

गोव्याच्या समुद्रात याहून जुने अवशेषही आहेत. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी आमी शोल्सजवळ वाफेच्या जहाजाचे बॉयलर नोंदवले आहेत. खारं पाणी लोखंड खातं, लाटा सांगाडा खिळखिळा करतात.

युनेस्कोचा 2001 चा करार पाण्याखाली किमान 100 वर्षं राहिलेल्या अवशेषांना वारसा मानतो. म्हणजे 1943 मध्ये बुडालेल्या जहाजाला तो मान 2043 मध्ये मिळेल. तोवर अशा अवशेषांची राखण आपल्याच हाती आहे. खाली उतरलात तर डोळे भरून पाहा, पण एक खिळाही उचलू नका.