दार उघडणाऱ्यांची यादी

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या लॉबीत एक कागद लागतो. न्यूयॉर्कच्या बऱ्याच इमारतींमध्ये ही पद्धत आहे. हॅलोविनच्या संध्याकाळी पोरांनी दार वाजवलेलं ज्यांना चालेल, त्यांनी त्यावर आपला फ्लॅट नंबर लिहायचा. मग पोरं चेटकिणी, सांगाडे, स्पायडरमॅन बनून त्या यादीप्रमाणे मजल्यामजल्यावर फिरतात.

पहिल्या वर्षी मी नंबर लिहिला नाही. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी इशारा टाकला होता: सफरचंदात ब्लेड, चॉकलेटमध्ये विष, मुलांना सांभाळा. मला पोर नाही. मी एकटा राहणारा, परदेशी पुरुष. त्या इशाऱ्यातला 'अनोळखी माणूस' मीच होतो. दिवे बंद करून बसलो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, सणाच्या दिवशी दार लावून बसलास?"

बग सापडला की आम्ही आधी जुने लॉग उघडतो. इथेही तेच केलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरातली पोरं वेश करून फिरायची ती हॅलोविनला नव्हे, तर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगला. आईबापांचे जुने कपडे चढवून, तोंडं रंगवून, फाटक्या भिकाऱ्याचं सोंग घेऊन ती पैसे आणि फळं मागायची. त्याला 'रॅगामफिन डे' म्हणत. कोकणातल्या शिमग्याची सोंगं पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळतं. मोठ्यांना मात्र ती कटकट वाटू लागली, शाळांनी विरोध केला आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती प्रथा जवळपास संपली.

हॅलोविन तेव्हा खोड्यांची रात्र होती. फाटकं पळवणं, खिडक्यांना साबण फासणं. मंदीच्या काळात शहरांमध्ये हे तोडफोडीपर्यंत गेलं. मग ठिकठिकाणच्या नागरी संस्थांनी पोरांसाठी मिरवणुका आणि पार्ट्या सुरू केल्या. 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' हा सौदाही त्याच सुमारास रुळत गेला. युद्धात साखरेचं रेशनिंग आलं. ते १९४७ साली उठलं आणि त्यानंतर ही प्रथा देशभर पसरली. म्हणजे आज ज्याला आपण घरगुती, गोंडस सण म्हणतो, तो सुरुवातीला मोठ्यांनी पोरांना घाबरून केलेला तह होता.

पुढे भीतीची दिशा उलटली. आता पोरांसाठी अनोळखी मोठ्यांची भीती. १९७४ च्या हॅलोविनला टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड घातलेली गोळीची पूड खाऊन गेला. ते विष त्याच्या बापानेच, विम्याच्या पैशासाठी घातलं होतं. १९८२ साली शिकागो परिसरात वेदनाशामक कॅप्सूलमधल्या सायनाइडने सात जण दगावले. त्याचा हॅलोविनशी संबंध नव्हता, पण तो सण महिन्याभरावर होता आणि देशभर धास्ती पसरली. १९८५ साली जोएल बेस्ट आणि जेराल्ड होरियुची या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाच्या खाऊने पोर मेलं किंवा गंभीर जखमी झालं, अशी एकही घटना त्यांना सापडली नाही. आमच्या भाषेत, अलार्म वर्षानुवर्षं वाजत होता आणि सर्व्हर ठीक होता.

याच सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये राल्फ ली नावाच्या मुखवटे करणाऱ्या कलावंताने उलटं केलं. त्याने आपले मुखवटे, मोठमोठे बाहुले, शेजारीपाजारी आणि पोरं घेऊन संध्याकाळी गल्ल्यांतून मिरवणूक काढली. वाढत वाढत ती सिक्स्थ ॲव्हेन्यूवर आली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जेमतेम सात आठवड्यांनी, २००१ सालीही ती निघाली. २०१२ साली मात्र सँडी वादळाने तिला थांबवलं.

हे सगळं वाचून झाल्यावर गेल्या वर्षी मी यादीत नंबर लिहिला. पेन हातात घेऊन बराच वेळ उभा होतो, हे खरं.

पहिली आली एक मधमाशी. वय चारेक वर्षं, मागे तिचे बाबा. तिने पिशवी पुढे केली आणि बोलायचं वाक्यच विसरली. बाबांनी कानात सांगितलं, तिने म्हटलं, मी चॉकलेट टाकलं. तिच्या बाबांनी मला नावाने हाक मारून आभार मानले. लॉबीतल्या टपालपेटीवर माझं नाव आहे, ते त्यांनी कधीतरी वाचलं असणार. दोन वर्षांत इमारतीत मला कुणी नावाने हाक मारायची ती पहिलीच वेळ.

रात्री आईचा फोन. "किती आली?"

"सतरा."

"मग मी पाठवलेले बेसनाचे लाडू दिलेस ना?"

नाही दिले. इथे पोरांना फक्त पाकीटबंद खाऊ द्यायचा. घरी केलेलं कुणी घेत नाही. ब्लेडच्या भीतीने घरचा खाऊ पोरांच्या पिशवीतून कायमचा गेला. आईला हे कसं सांगायचं ते सुचेना. म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू."

डबा उघडून मी एक लाडू खाल्ला. बाकीचे मधमाशीच्या घरी घेऊन गेलो. दार त्यांनी लगेच उघडलं.