बापाचं कर्ज, पोराची पत

एज्युकेशन लोनसाठी गेलेल्या माझ्या मित्राला बँकेत पहिला प्रश्न मार्कांचा आलाच नाही. "वडील काय करतात? त्यांचं आधीचं कर्ज थकलंय का?" वैतागून तो मला म्हणाला, "कर्ज मला हवंय की बाबांना?" माझी एमएस्सी संख्याशास्त्रातली, पण पीएचडीसाठी सध्या जुने कर्जकायदे वाचतोय. त्यामुळे हा प्रश्न मला ओळखीचा वाटला.

धर्मशास्त्राचा हिशोब साधा होता: बापाचं कर्ज मुलाने व्याजासकट फेडायचं, आजोबांचं नातवाने बिनव्याजी. जुगार-दारूपायी झालेलं कर्ज तेवढं माफ. मुंबई इलाख्यात तर बापाने मागे काही ठेवलं नसलं, तरी मुलगा देणं लागायचा. 1866च्या कायद्याने ही जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली.

मग प्रश्न सुटला का? नाही. 1859च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागे. म्हणून सावकार मुदत संपण्याआधी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घ्यायचे. बाप गेला, की त्या नव्या खतावर मुलाची सही घेता यायची. सही झाली की कर्ज त्याचं स्वतःचं. मग 1866चा कायदा काय कामाचा? आणि सही नाकारली, तर पुढच्या पेरणीला बियाणं कोण देणार? 12 मे 1875 रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतंच का जाळली, हे इथे कळतं. 1879च्या कायद्याने कोर्टाला खताच्या मागचा खरा व्यवहार तपासायची मुभा दिली.

केवळ मुलगा म्हणून बापाचं कर्ज फेडायचं, हे बंधन हिंदू वारसा कायद्यातून 2005 साली गेलं. म्हणजे आता कर्ज वारशाने येत नाही. पण पत? बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत पालक सहकर्जदार असतात आणि साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण लागतं. घर, जमीन किंवा पगाराची स्लिप असलेल्या घरातला मुलगा चार पावलं पुढूनच सुरुवात करतो. बँकेची बाजूही समजते: विद्यार्थ्याची स्वतःची कमाई नसते, मग ती भरवसा ठेवणार कशावर?

मित्रासाठी शेवटी मामाने सही केली. ज्याला असा मामा नाही, त्याचं काय?