सवय, आजार आणि जात

इंग्रजीत मुरलेल्या सवयीसाठी बरीच विशेषणं आहेत. हॅबिच्युअल, क्रॉनिक, इनग्रेन्ड, इन्व्हेटरेट. डिक्शनरीचं कुठलंही ॲप त्यांना एकाच ओळीत बसवतं आणि समानार्थी म्हणून मोकळं होतं. पण वापरताना आपण नकळत भेद करतो. आमच्या कामात एखादा बग दर रिलीजला परत आला, तर तो ‘क्रॉनिक इश्यू’. रोज मीटिंगला उशिरा येणारा मात्र ‘हॅबिच्युअल लेटकमर’. बगची कीव करायची, माणसाला दोष द्यायचा. हा दोषाचा हिशोब त्या शब्दांत कसा शिरला, हे शोधताना मी बराच लांब जाऊन पोचलो.

आधी शब्दांची कुळं बघू. इन्व्हेटरेटच्या मुळाशी लॅटिनमधला ‘जुना’ या अर्थाचा वेटुस आहे. व्हेटरन त्याच घरातला, आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते आपला ‘संवत्सर’ही त्याचा दूरचा भाऊबंद. म्हणजे हा शब्द फक्त वय सांगतो: सवय इतकी वर्षं जुनी की आता हलत नाही. क्रॉनिक आला ग्रीक ‘क्रोनोस’ म्हणजे काळावरून, पण वैद्यांच्या हातून. त्यामुळे त्याला आजाराचा वास आहे.

इनग्रेन्डची गोष्ट सगळ्यात रंगीत. भूमध्य समुद्राकाठच्या ओक झाडांवर एक कीटक असतो. त्याच्या वाळलेल्या माद्या दाण्यांसारख्या दिसायच्या, म्हणून त्यांना ‘ग्रेन’ म्हणत. त्यांच्यापासून केलेला लाल रंग धुऊन जात नसे. त्या रंगात बुडवलेलं कापड ते इनग्रेन. याच कीटकाचं अरबी नाव किर्मिज. त्यावरून इंग्रजीत क्रिमसन आला आणि मराठीत किरमिजी. आपला ‘कृमी’ही याच कुळातला. तेव्हा इनग्रेन्ड सवय म्हणजे पक्क्या रंगाची सवय. यात एक बारकावा आहे: कापड स्वतः रंगत नाही, त्याला कुणीतरी रंगात बुडवतं.

आता एकच माणूस घेऊ, दारू न सुटणारा. १८४९मध्ये मॅग्नस हुस या स्वीडिश डॉक्टरने अतिमद्यपानाचे शरीरावरचे परिणाम नोंदवले आणि त्यांना ‘क्रॉनिक अल्कोहोलिझम’ हे नाव दिलं. ३० वर्षांनी, १८७९मध्ये, इंग्लंडने त्याच माणसासाठी कायदा केला. त्याचं नाव ‘हॅबिच्युअल ड्रंकर्ड्‌स ॲक्ट’. डॉक्टरचं विशेषण दुखण्याला लागलं, कायद्याचं माणसाला. दुखणं आपल्याला होतं. ड्रंकर्ड मात्र आपण ‘असतो’.

हॅबिच्युअल हा शब्द कायद्याच्या शीर्षकात त्याआधीच बसला होता. १८६९मध्ये ब्रिटिश संसदेने ‘हॅबिच्युअल क्रिमिनल्स ॲक्ट’ केला. शिक्षा झालेल्यांची नोंदवही ठेवायची आणि पुन्हा पुन्हा गुन्हे करणाऱ्यांवर पोलिसांनी नजर ठेवायची. कायदा कडक होता, पण सवय ठरवायला निदान कोर्टात सिद्ध झालेला गुन्हा लागत होता.

दोनच वर्षांनी, १८७१मध्ये, हिंदुस्थानात ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ आला. त्यात एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीर गुन्हे करण्याला ‘ॲडिक्टेड’ असेल, तर तिला गुन्हेगार जमात जाहीर करता येत असे. सवय आता एका माणसाची राहिली नाही. ती अख्ख्या जमातीची झाली, त्यात जन्मलेल्या मुलाचीही. नोंदणी करायची, हजेरी लावायची, हद्द सोडायची तर पास घ्यायचा. १९११च्या कायद्याने ही व्यवस्था साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नेता आली. आपल्याकडचे कैकाडी, पारधी, भामटा असे कित्येक समाज या यादीत गेले.

यातला ‘भामटा’ शब्द पुन्हा वाचा. ‘राजपूत भामटा’ हे आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतलं एका समाजाचं नाव आहे. आणि ऑनलाइन फसवणुकीची बातमी देताना ‘भामट्याने लाखो रुपये लांबवले’ असं आपली वर्तमानपत्रं सहज छापतात. त्या समाजातल्या शाळकरी मुलाला हा मथळा कसा वाचावा लागत असेल?

१९५२मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण जुनं विशेषण परत आलं. वेगवेगळ्या राज्यांनी ‘हॅबिच्युअल ऑफेंडर्स’ कायदे केले. तेव्हाच्या मुंबई राज्याचा १९५९चा. कागदावर आता जन्म मोजायचा नव्हता, झालेल्या शिक्षा मोजायच्या होत्या. तरी काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त आणि भटक्या जमातींच्या माणसांना ‘सवयीचे गुन्हेगार’ धरायची सोय टिकून राहिली. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: हा शब्द संबंधित राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच वापरायचा, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायचा. १८७१पासून मोजलं तर १५३ वर्षं.

मराठीतही आपण असेच शब्द वाटतो. मुरलेला राजकारणी, अट्टल दारुडा, सराईत गुन्हेगार. ‘मुरलेला’ म्हणताना लोणच्याचं कौतुक असतं, ‘सराईत’ म्हणताना पोलिसांच्या प्रेसनोटचा आवाज. दोघांनी केलेली गोष्ट कधी कधी सारखीच असते. म्हणून बातमीत ‘सराईत’ दिसला की मी आता एक गोष्ट शोधतो: त्या माणसाला आधी किती शिक्षा झाल्यात, ते लिहिलंय का? बऱ्याचदा तिथे फक्त दाखल गुन्ह्यांचा आकडा असतो. कधी तोही नसतो, नुसतं आडनाव असतं.